पाठीवर चालणारी अळी

जास्वंदीच्या शेंड्याला कापूस चिकटल्यासारखं पांढरं काही दिसलं, की हात आधी फवारणीच्या बाटलीकडे जातो. माझाही जायचा. एका उन्हाळ्यात त्या कापसातला एक तुकडा चक्क चालायला लागला आणि बाटली खाली ठेवावी लागली.

हा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड, आणि पिठ्या ढेकूण असा चालत सुटत नाही. त्याची मादी तीन-चार मिलिमीटरची, अंगावर मेणाची पूड, सोंड देठात खुपसून रस ओढत बसलेली. काडीनं ढोसलं तरी जेमतेम सरकते. हा तुकडा तिच्या दुपटीहून मोठा होता आणि अंगावरचे मेणाचे धागे लांब, विस्कटलेले. ती क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी. ढेकणांसारखंच सोंग घेऊन त्यांच्यातच राहायचं आणि त्यांनाच खायचं, हा तिचा धंदा. ढेकणांच्या गोड, चिकट स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, त्या राखणदारांमध्ये वावरायला हे सोंग कामी येतं. हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ मध्ये कॉफीच्या मळ्यांतल्या खवले किडीवर उपाय म्हणून तो भारतात आणला गेला. त्याच्यावरच औषध मारणं म्हणजे चोर सोडून शिपायाला बदडणं.

अनोळखी किडा दिसला की मी आता रंगापेक्षा तो काय करतो ते आधी बघतो. कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट पडलेली दिसते, तिला हळूच बोट लावा. डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला, तर ती एका मोठ्या फुलपाखराची लहानगी अळी आहे. चार पानं जातील, जाऊ द्यावीत. पाय मोजणंही सोपं. मृगाचा मखमली लाल किडा पूर्ण वाढलेला असेल तर आठ पायांचा भरतो, म्हणजे तो कीटकच नव्हे, कोळ्यांच्या गोतावळ्यातला.

खरी फसगत होते ती मातीत. कुंडी उलथली की अर्धगोल वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी निघते आणि सगळे ‘हुमणी, हुमणी’ म्हणून ओरडतात. हुमणी वाईटच. ती मुळं खाते, त्यामुळे लॉनचा पिवळा पडलेला तुकडा सतरंजीसारखा गुंडाळून हातात येतो. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे तिचेच. पण कंपोस्टमध्ये बहुतेक वेळा तिची चुलत बहीण असते, फुलांवर बसणाऱ्या भुंग्याची अळी. ती कुजका पालापाचोळा खाऊन खत करते.

ओळखायला भिंग नको. अळी फरशीवर ठेवा आणि मिनिटभर थांबा. हुमणी कुशीवर वळून पडून राहते. दुसरी उताणी होते आणि सहाही पाय आकाशाकडे करून पाठीवरच सरपटत निघते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हिला काहीतरी झालंय. तसं काही नसतं, तिची चालच तशी.

तरीही कळलं नाही तर वरून आणि बाजूनं फोटो काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, झाडाचं नाव लिहून ठेवा. झाड कळलं की निम्मा शोध संपतो.

परवा जुन्या कुंड्या रिकाम्या केल्या तेव्हा नऊ अळ्या निघाल्या. सगळ्या फरशीवर मांडल्या. आठ पाठीवरून चालत्या झाल्या, त्या कंपोस्टच्या बादलीत गेल्या. नववी कुशीवर पडून राहिली. तुळशीपाशी येणारा दयाळ पक्षी मघापासून तिच्याकडेच बघत होता, म्हणून मी आत निघून आलो.