प्लेस्टेशन मोबाइल

सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंट या कन्सोल, म्हणजे खास गेम खेळायची यंत्रे, बनवणाऱ्या जपानी कंपनीने हातात धरून खेळायच्या उपकरणांसाठी चालवलेला छोट्या गेमचा प्लॅटफॉर्म. डेव्हलपर मंडळी त्याला सर्रास ‘पीएसएम’ म्हणत. तो ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झाला. १५ जुलै २०१५ रोजी त्यावरची विक्री थांबली आणि त्याच वर्षी १० सप्टेंबरला त्याचा गाशा पुरता गुंडाळला गेला. म्हणजे त्याला तीन वर्षांचेही आयुष्य लाभले नाही. एकट्यादुकट्या प्रोग्रॅमरने घरच्या पीसीवर लिहिलेला गेम, मध्ये कोणी प्रकाशक न घेता, थेट सोनीच्या दुकानात मांडता यावा ही त्यामागची एक कल्पना. तोच गेम प्लेस्टेशन व्हिटा या हॅन्डहेल्डवर आणि निवडक अँड्रॉइड फोन-टॅबलेटवर जसाच्या तसा चालावा ही दुसरी. दोन्ही कल्पना आपापल्या जागी चांगल्या होत्या. त्या एका दावणीला बांधल्या, तिथे घोटाळा झाला.

पार्श्वभूमी

कन्सोलसाठी गेम बनवणे हा पूर्वीपासून बंद दाराआडचा धंदा. कन्सोल कंपनीशी करार करायचा, तिच्याकडून महागडे डेव्हलपमेंट किट (गेम लिहून तपासायचे खास यंत्र) घ्यायचे, तिच्या तपासणीतून गेम पार करायचा आणि मग तो दुकानात जायचा. हौशी माणसाला यात शिरकाव नव्हता. ते दार किलकिले करण्याचे प्रयोग मात्र अधूनमधून झाले. खुद्द सोनीने १९९० च्या दशकात ‘नेट यारोझे’ नावाचे काळ्या रंगाचे प्लेस्टेशन हौशी लोकांना विकले. ते केबलने पीसीला जोडून सी भाषेत लिहिलेला गेम त्यात उतरवता येई. पण तो गेम विकायची सोय नव्हती. फार तर एखाद्या मासिकाबरोबर वाटल्या जाणाऱ्या डिस्कवर त्याला जागा मिळे. पुढे २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० वर, वर्षाला ९९ डॉलर भरून सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत गेम लिहायची आणि विकायचीही मुभा दिली. सोनीने २००९ मध्ये पीएसपी या आपल्या व्हिटाआधीच्या हॅन्डहेल्डसाठी ‘मिनीज’ आणले. १०० मेगाबाइटच्या आतले हे छोटे गेम होते, पण त्यासाठीही डेव्हलपमेंट किट लागायचेच.

या सगळ्यांच्या मानेवर तोवर आयफोन येऊन बसला होता. २००८ च्या जुलैत अ‍ॅप स्टोअर उघडले आणि छोटे गेम विकायची जागाच बदलली. बसची वाट बघताना खिशातून पीएसपी काढणारा माणूस आता फोन काढू लागला होता. या माणसाला परत कसे आणायचे, की आपणच त्याच्या फोनमध्ये जाऊन बसायचे? सोनीने दुसरा मार्ग धरला.

नाव आणि घोषणा

२७ जानेवारी २०११ रोजी टोकियोत झालेल्या कार्यक्रमात कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष काझुओ हिराई यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. एक होते नवे हॅन्डहेल्ड, तेव्हा त्याला नुसते ‘एनजीपी’ म्हणत होते, पुढे त्याचेच नाव व्हिटा झाले. दुसरी गोष्ट होती ‘प्लेस्टेशन सूट’. प्लेस्टेशनचा अनुभव प्रथमच सोनीबाहेरच्या उपकरणांवर नेण्याची ही योजना होती. सोनीच्या कसोटीला उतरलेल्या अँड्रॉइड उपकरणांना ‘प्लेस्टेशन सर्टिफाइड’ असा शिक्का मिळणार होता.

हा शिक्का लागलेले पहिले उपकरण म्हणजे त्याच वर्षी आलेला सोनी एरिक्सनचा एक्सपीरिया प्ले. दिसायला साधा फोन, पण स्क्रीन वर सरकवली की खालून गेमपॅड बाहेर यायचे. डावीकडे दिशेची बटणे, उजवीकडे त्रिकोण, वर्तुळ, फुली, चौकोन. अ‍ॅनालॉग स्टिकच्या जागी मधोमध दोन गोल टचपॅड होते आणि त्यांवर नेम धरणे ही एक कसरतच होती. त्यात जुन्या प्लेस्टेशनचा ‘क्रॅश बँडिकूट’ आधीच भरून दिलेला असे. कारण सुरुवातीच्या बेतात पहिल्या प्लेस्टेशनचे जुने गेम फोनवर आणणे हाही एक भाग होता. स्वतंत्र डेव्हलपरांचा विषय त्या वेळी मागच्या बाकावर होता.

तो पुढे आला २०१२ मध्ये. एप्रिलमध्ये एसडीकेची, म्हणजे गेम लिहायच्या साधनांच्या संचाची, खुली बीटा (चाचणीची) आवृत्ती निघाली. कोणीही उतरवून घ्यावी आणि वापरावी, पैसे नाहीत. जूनमध्ये ई-थ्री या गेम उद्योगाच्या प्रदर्शनात ‘सूट’ हे नाव जाऊन ‘प्लेस्टेशन मोबाइल’ हे नाव आले आणि सोनीबाहेरची पहिली भागीदार म्हणून एचटीसीचे नाव जाहीर झाले. नंतर आसुस, विकीपॅड, शार्प, फुजित्सू अशी यादी वाढत गेली. मात्र ज्या एक्सपीरिया प्लेसाठी हा सगळा घाट सुरू झाला, त्याला अँड्रॉइड ४.० मिळणार नाही असे सोनीच्या मोबाइल शाखेने त्याआधीच्याच महिन्यात सांगून टाकले होते. घरातल्या थोरल्याची ही गत, तर पाहुण्यांचे काय होणार, हे ज्याला दिसायचे त्याला तेव्हाच दिसले असणार.

रचना

पीएसएमचा गेम थेट प्रोसेसरच्या भाषेत नसे. तो सी शार्पमध्ये लिहायचा आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटची मुक्तस्रोत आवृत्ती असलेल्या मोनोच्या आभासी यंत्रावर, म्हणजे गेम आणि खरे उपकरण यांच्या मध्ये बसणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवायचा. व्हिटावर तेच यंत्र, फोनवरही तेच. त्यामुळे एकदा बांधलेले पॅकेज दोन्हीकडे चालणे शक्य होते. यात सोनीचा दुहेरी फायदा होता. उपकरणे कितीही वेगळी असली तरी डेव्हलपरला एकच तोंड दिसे, आणि गेम आभासी यंत्राच्या कुंपणात राहिल्याने व्हिटाच्या गाभ्याला हात लागत नसे. परक्या, न तपासलेल्या माणसाचा कोड आपल्या यंत्रात चालू द्यायचा तर कन्सोल कंपनीला एवढे कुंपण हवेच असते.

लिहायचे साधन म्हणजे पीएसएम स्टुडिओ, मोनोडेव्हलप या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरवर बेतलेले आणि फक्त विंडोजवर चालणारे. त्याबरोबर ओपनजीएल ईएस या ग्राफिक्सच्या मानकाच्या धर्तीवरची ग्राफिक्स लायब्ररी (तयार कोडचा संच), द्विमितीय गेमसाठी तयार इंजिन, टक्कर-घर्षणाचे भौतिकशास्त्र सांभाळणारी लायब्ररी आणि बटणे-याद्या जुळवायचे यूआय कंपोझर असा बराच ऐवज मिळे. एकट्या माणसाला सुरुवात करायला तो पुरेसा होता.

हाताशी उपकरण नसले तरी पीसीवरच्या सिम्युलेटरमध्ये गेम चालून दिसे. तिथली की-बोर्डची मांडणी बघण्यासारखी होती. बाणांच्या की म्हणजे दिशा. डब्ल्यू म्हणजे त्रिकोण, ए म्हणजे चौकोन, एस म्हणजे फुली आणि डी म्हणजे वर्तुळ. प्लेस्टेशनच्या पॅडवर ही चिन्हे जशी वर, डावीकडे, खाली आणि उजवीकडे असतात, तशीच ती बोटांखाली येत. क्यू आणि ई ही खांद्यावरची दोन बटणे. आठवडाभर असे काम केले की हाताला पॅडची सवय आपोआप लागे. आणखी एक बारकावा म्हणजे ‘होकार’ आणि ‘मागे’ या क्रियांसाठी एसडीकेत स्वतंत्र नावे होती. त्या काळी जपानी प्लेस्टेशनवर होकाराला वर्तुळ दाबत, पाश्चात्त्य देशांत फुली. ज्याने मेनूत सरळ ‘फुली’ लिहून ठेवली त्याचा गेम जपानी खेळाडूला उलटा वाटे.

फोनला बटणे नसत. तिथे स्क्रीनवरच आभासी पॅड उमटे आणि खेळाडूचा अंगठा नेमका खेळाचा कोपरा झाकून टाके. स्क्रीनचे माप व्हिटावर ९६० बाय ५४४, एक्सपीरिया प्लेवर ८५४ बाय ४८०, इतरत्र आणखी निराळे. म्हणून गुणफलक कुठे काढायचा इथपासून विचार करावा लागे. ‘एकदा लिहा, सगळीकडे चालवा’ हे आश्वासन कोडपुरते खरे ठरले, गेमच्या मांडणीपुरते नाही.

खरी रस्सीखेच मेमरीची. प्रत्येक गेमच्या सोबत एक छोटी एक्सएमएल फाइल असे आणि तीत दोन आकडे लिहायचे असत. सी शार्पच्या वस्तूंसाठी किती जागा आणि चित्रे, आवाज वगैरे सामग्रीसाठी किती. दोन्ही मिळून मर्यादा ९६ मेगाबाइट. नव्या प्रकल्पात ३२ आणि ६४ अशी वाटणी आधीच केलेली असे. चित्रे जास्त मोठी झाली की पहिला आकडा कापायचा, आणि तो कापला की मोनोचा कचरावेचक (वापरून झालेल्या वस्तूंची मेमरी मोकळी करणारी यंत्रणा) वरचेवर जागा होऊन गेमला क्षणभर थांबवायचा. गोळ्या चुकवायच्या गेममध्ये तो क्षण जिवावर बेतणारा. त्यामुळे अनुभवी लोक सुरुवातीलाच शंभर-दोनशे गोळ्या तयार करून ठेवत आणि त्याच पुन्हापुन्हा वापरत, नवी वस्तू म्हणून जन्मालाच घालायची नाही. हे तंत्र पीएसएमने शोधले नाही, पण इथे त्यावाचून गत्यंतर नव्हते.

दुकान आणि दर

बीटा संपल्यावर गेम विकण्यासाठी वर्षाला ९९ डॉलरचा परवाना घ्यावा लागू लागला. रक्कम अ‍ॅपलच्या फीइतकीच. पण तिकडे गिऱ्हाइकांचा महासागर होता, इकडे व्हिटाची विक्री रखडत होती. मे २०१३ मध्ये सोनीने ही फी माफ केली. कंपनीचा कलही त्याच सुमारास छोट्या डेव्हलपरांकडे झुकला होता, आणि जूनमध्ये तिने प्लेस्टेशन ४ वर स्वतःचा गेम स्वतः प्रकाशित करायची मोकळीक जाहीर केली. पीएसएमचे महत्त्व तिथेच थोडे उतरले, असे म्हणायला हरकत नाही. मोठ्या दरवाजातून आत घेत असतील तर खिडकीतून कोण येईल?

सुरुवातीच्या गेममध्ये व्ह्लांबीर या डच जोडगोळीचा ‘सुपर क्रेट बॉक्स’ हा सर्वांत गाजलेला. पीसीवर आधीच नावाजलेला हा गेम व्हिटाच्या बटणांवर चपखल बसला. ‘अ‍ॅक्वा किटी’, ‘हंग्री जिराफ’ यांनाही चाहते मिळाले. बाकी ढीग कोडी, धावपळ आणि नेमबाजीचा. त्यांतले काही गेम शिकाऊ हातांचे होते आणि तसे दिसतही. पण अशा दुकानात तेही हवेच असतात, नाहीतर ‘सर्वांसाठी खुले’ याला अर्थ काय?

पीएसएमच्या गेमना प्लेस्टेशनच्या ट्रॉफी, म्हणजे ठरावीक कामगिरीबद्दल खेळाडूच्या खात्यावर जमा होणारी आभासी पदके, मिळत नसत. बाहेरच्या माणसाला ही बाब किरकोळ वाटेल. पण कन्सोलवर असा खेळाडूवर्ग मोठा आहे की ज्याला गेमइतकीच आपल्या नावाखाली साठणारी चांदी-सोन्याची रास प्रिय असते. त्याच्या लेखी ट्रॉफी नसलेला गेम म्हणजे शिक्का नसलेली पावती. छोट्या गेमना फुकटात मिळू शकणारे आकर्षण सोनीने त्यांना दिलेच नाही.

ऱ्हास

अँड्रॉइडची बाजू आधी कोसळली. तिथे दर नव्या आवृत्तीनिशी प्रत्येक उपकरणाची पुन्हा तपासणी करायची, आणि फोनवर गूगलचे दुकान मुळात उघडे असताना वेगळे अ‍ॅप टाकून सोनीच्या दुकानात शिरायला गिऱ्हाइकाला काही कारण हवे. ते कारण कधी निर्माण झाले नाही. फोन कंपन्यांनाही शिक्क्यामुळे चार फोन जास्त खपल्याचा अनुभव येईना. ऑगस्ट २०१४ मध्ये सोनीने अँड्रॉइड ४.४.३ आणि पुढच्या आवृत्त्यांवर पीएसएमचा पाठिंबा मिळणार नसल्याचे सांगितले. युनिटी हे लोकप्रिय इंजिन पीएसएमसाठी आले होते तेही केवळ व्हिटापुरते. म्हणजे नावातला ‘मोबाइल’ गळून पडला होता.

मार्च २०१५ मध्ये बंदची सूचना निघाली. खरेदी १५ जुलैपर्यंत, घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेणे १० सप्टेंबरपर्यंत. त्याच मुदतीत आपले उपकरण पीएसएमसाठी सक्रिय करून घेण्याचीही सूचना होती, कारण गेमचा परवाना सोनीच्या सर्व्हरला विचारून पक्का होई आणि मुदतीनंतर उत्तर द्यायला तिथे कोणी असणार नव्हते.

त्याच दिवसांत एक गमतीदार कलाटणी मिळाली. जून २०१५ मध्ये ‘रिजुव्हेनेट’ नावाने व्हिटाची एक पळवाट प्रसिद्ध झाली. पीएसएमच्या डेव्हलपरांना चाचणीसाठी दिलेल्या अ‍ॅपमधून मोनोच्या कुंपणाला भगदाड पाडून व्हिटावर कोणताही कोड थेट चालवता येऊ लागला. हौशी लोकांना कन्सोलवर आणायचे म्हणून बांधलेल्या प्लॅटफॉर्मवरून ते शेवटी सोनीच्या परवानगीविना आत आले.

गेमचे पुढे काय झाले याचे उत्तर एकसारखे नाही. काही डेव्हलपरांनी आपले काम व्हिटाच्या नेहमीच्या गेमच्या रूपात, पीसीवर किंवा इतर फोनवर हलवले. ‘अ‍ॅक्वा किटी’ त्यांतला एक. सी शार्पमध्ये लिहिलेला भाग मोनोगेमसारख्या लायब्ररीच्या आधाराने दुसरीकडे नेणे तुलनेने सोपे होते. पण अनेक गेम पीएसएमवरच होते आणि तिथेच राहिले. चाहत्यांनी पॅकेजे गोळा करून, परवान्याची अट वळसा घालून टाळून, त्यांतले बरेच जपले आहेत. अधिकृत मार्गाने मात्र ते फक्त मुदतीत सक्रिय केलेल्या यंत्रांवर उरले. अशा व्हिटाचे मेमरी कार्ड बॅकअप न घेता फॉरमॅट केले, तर पैसे मोजून घेतलेला गेम पुन्हा उतरवून घ्यायला दुकान उरलेले नाही.