बालवयातील औषध-चयापचय

औषध पोटातून रक्तात शोषले जाते, शरीरभर पसरते, यकृतात त्याचे रूप बदलते आणि बहुतेक वेळा लघवीवाटे ते बाहेर पडते. जन्मापासून पौगंडावस्थेपर्यंत या प्रत्येक टप्प्याचा वेग बदलत राहतो. हा बदल एका चालीने होत नाही. नवजात बाळाचे यकृत आणि मूत्रपिंड संथ असतात. मात्र एक ते पाच-सहा वर्षांचे लेकरू बरीच औषधे वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षाही लवकर बाहेर टाकते. म्हणून मोठ्यांचा डोस नुसता किलोच्या हिशेबाने वाटला, तर तान्ह्याला तो जास्त होऊ शकतो आणि चालत्या-बोलत्या लेकराला कमी पडू शकतो. मिरगीवरच्या कार्बामाझेपीनची मात्रा लहान मुलांत दर किलोमागे जास्त लागते, ती याचमुळे.

सर्वांत जपण्याचा काळ पहिल्या महिन्याचा. जन्मतः जठरातले आम्ल फार कमी असते, त्यामुळे तोंडाने दिलेले पेनिसिलिन मोठ्यांपेक्षा जास्त शोषले जाते. शरीरात सुमारे ७५ टक्के पाणी असते, त्यामुळे पाण्यात विरघळणारे औषध त्यात जास्त पसरते. यकृतातली विकरे (औषधाचे रूप बदलणारी एन्झाइम) एकेक करून जागी होतात: कॅफीन मोठ्यांच्या रक्तातून साधारण पाच तासांत निम्मे होते, नवजात बाळाला त्यासाठी तीन-चार दिवस लागतात. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने हा धडा फार महागात शिकवला. त्याचा निचरा करणारे विकर बाळांत अपुरे असल्याने औषध साचत गेले, अंग राखाडी पडून बाळे दगावली. १९५९ साली या विकाराची नोंद झाली. सल्फा औषधे रक्तातल्या प्रथिनांवरून काविळीचे द्रव्य हुसकावून लावतात आणि ते मेंदूपर्यंत पोचू शकते, म्हणून नवजात बाळात तीही टाळतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच प्रशिक्षित बायांनी जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली. हे औषध पाण्यात विरघळते आणि केवळ मूत्रपिंडावाटे जाते. म्हणून त्याची मात्रा व दोन डोसांतले अंतर ठरवताना बाळाचे वजन आणि ते पूर्ण दिवसांचे आहे की नाही, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. खेड्यातल्या आरोग्यसेविकेच्या हातातला वजनकाटा इथे औषधाइतकाच मोलाचा आहे.

मेळघाटात प्रश्न आणखी गुंततो. कुपोषित लेकराच्या रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असते, त्यामुळे प्रथिनांना चिकटणाऱ्या औषधांचा मोकळा, म्हणजे प्रत्यक्ष परिणाम करणारा, भाग वाढतो. दोन वर्षांचे लेकरू सात किलोचेच असेल, तर वयावरून दिलेला डोस फसतो.

घरात चूक होते ती बहुधा बाटलीवरून. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत सहसा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५. दोन्ही गोड, दोन्ही तापाचे. थेंबांचे औषध सिरप समजून पाच मिलिलिटरचा चमचा भरून पाजले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जाते, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी. पाच किलोच्या बाळाला एका वेळी ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत.

त्वचेवाटेही औषध आत जाते. तान्ह्याची त्वचा पातळ आणि वजनाच्या मानाने तिचे क्षेत्र मोठे. सर्दीत छातीला तेलातून चोळलेला कापूर रक्तात उतरून झटके आणू शकतो.

जंताची गोळी मात्र वजनावर दिली जात नाही. अंगणवाडीत एक ते दोन वर्षांच्या लेकराला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी चमच्यात चुरून पाण्यातून देतात, दोन वर्षांपुढे पूर्ण. हे औषध आतड्यातून फारच थोडे शोषले जाते; त्याचे काम आतड्यातच असते.