लस आणि पाय गळण्याचा आजार : संशय आला कुठून?

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर बेळगावकर सकाळी फिरायला जातात, पोरं क्रिकेट खेळतात, सीमाप्रश्नाचे मेळावेही तिथं भरले आहेत. त्या जागेचं मूळ काम मात्र देवीची लस तयार करण्याचं. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हापासून हे काम इथं चालायचं. देवी निर्मूलनाच्या मोहिमेत गोठवून वाळवलेली लस देशात चारच ठिकाणी बनत होती : नैनितालजवळचं पटवाडांगर, मद्रासमधलं गिंडी, हैदराबाद आणि आपलं बेळगाव. 24 मे 1975 रोजी भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. आज पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या दंडावर त्या लसीचा वण आहे.

अशा गावात जानेवारी 2025 मध्ये लसीविषयीच्या शंकेनं पुन्हा डोकं वर काढलं. पुण्यातल्या सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत ‘जीबीएस’ या हात-पाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे रुग्ण भराभर वाढले. खानापूर, निपाणी, येळ्ळूरकडच्या किती तरी घरांतली मुलं पुण्यात नोकरीला किंवा शिकायला, त्यामुळे इकडे फोन खणखणू लागले. पाठोपाठ कोल्हापुरातूनही रुग्णांच्या बातम्या आल्या. आणि मग चहाच्या गाड्यापासून दवाखान्याच्या बाकड्यापर्यंत तोच प्रश्न : हे कोरोनाच्या लसीमुळे तर नाही?

प्रश्न चुकीचा नव्हता. या आजाराचा लसीशी संबंध याआधी जोडला गेला आहे आणि काही लसींच्या बाबतीत तो खराही निघाला आहे. कोणत्या लसीच्या, कधी आणि किती, हे नीट सांगितलं जात नाही, आणि तिथंच सगळा घोळ होतो.

आधी आजार काय ते पाहू. गिलेन बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. विजेच्या वायरीवर असतं तसं नसेवर मायलिनचं आवरण असतं. ते खरवडलं गेलं की मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही. काही रुग्णांत आतली नसच मार खाते. सुरुवात बहुधा तळपायापासून होते. मुंग्या येतात, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, उकिडवं बसलेल्या माणसाला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. दोन-चार दिवसांत कमजोरी मांड्यांतून हातांपर्यंत चढते. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा पाय उडायला हवा, तो जागचा हलत नाही. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत श्वासाचे स्नायू थकतात आणि व्हेंटिलेटर लागतो. एरवीही, कुठलीही साथ नसताना, जगभर लाखामागे वर्षाला एक-दोघांना हा आजार होतोच. हा आकडा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

आपल्याकडे अशा वेळी ‘वारं गेलं’ म्हणतात आणि मालिश सुरू करतात. ते वारं अर्ध्या अंगावरून जातं, मेंदूतल्या रक्तपुरवठ्याच्या बिघाडानं. जीबीएसमध्ये दोन्ही पाय सारखेच गळतात. हा फरक घरच्यांच्या लक्षात आला तर मोलाचे दिवस वाचतात.

वर चढत जाणाऱ्या या लुळेपणाचं वर्णन 1859 मध्ये लँड्री या फ्रेंच डॉक्टरांनी केलं. 1916 मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, गिलेन, बारे आणि स्ट्रोल या तिघांनी दोन सैनिकांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. त्यात प्रथिनं वाढलेली, पण पेशी वाढलेल्या नव्हत्या. ही खूण आजही निदानाला उपयोगी पडते. स्ट्रोल यांचं नाव मात्र आजाराच्या नावातून गळालं.

लसीचा धागा त्याच्याही आधीचा, आणि तो कुत्र्याच्या चाव्यापाशी जातो. 1885 मध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस दिली, ती सशाच्या मज्जारज्जूपासून केलेली होती. पुढं हिमाचलातल्या कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी 1911 च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून, फिनॉल वापरून लस तयार केली. हीच ती ‘पोटातली चौदा इंजेक्शनं’. आपल्या आधीच्या पिढीला त्यांचं वर्णन करावं लागत नाही. उकळलेली काचेची सिरिंज, बेंबीच्या आजूबाजूला रोज एक जागा, सुजलेलं पोट आणि खेड्यातून सरकारी दवाखान्यापर्यंत रोजची बस. मुलं रडत जायची, मोठी माणसं दात आवळून जायची, पण जात होती, कारण पिसाळलेल्या कुत्र्याच्या आजाराची लक्षणं दिसू लागली की मरण ठरलेलं.

या लसीत मेंदूचा अंश असल्यामुळे त्यात मायलिनही होतं. दुसऱ्या प्राण्याचं मायलिन टोचल्यावर काहींच्या शरीरानं त्याच्याविरुद्ध लढा पुकारला आणि तो स्वतःच्या मेंदूवर, मज्जारज्जूवर आणि नसांवर उलटला. कुणाला मेंदूदाह झाला, कुणाचे पाय गेले, कुणाला हुबेहूब जीबीएस झाला. प्रमाण वेगवेगळ्या नोंदींत वेगळं येतं, काही शेकड्यांत एक ते काही हजारांत एक. लसीच्या मानानं हे प्रमाण फार मोठं. थायलंडमधल्या संशोधकांनी 1987 मध्ये अशा रुग्णांच्या शरीरात मायलिनमधल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं (शरीर परक्या गोष्टीशी लढायला तयार करतं ती प्रथिनं) दाखवून दिली. तोवर पेशीसंवर्धनातून केलेली, मेंदूचा अंश नसलेली लस उपलब्ध झाली होती, पण ती महाग होती. आपल्या सरकारी दवाखान्यांत गरिबाला जुनीच लस मिळत राहिली. भारतात तिचं उत्पादन थांबलं ते डिसेंबर 2004 मध्ये. सुरक्षित पर्याय असताना इतकी वर्षं ती चालू ठेवली गेली, हा गरिबांवरचा अन्यायच होता आणि त्याची चर्चा फार कमी झाली आहे.

म्हणून आपल्या भागात एखादी आजी म्हणते, ‘इंजेक्शननं पाय जातात, मी बघितलंय’, तेव्हा तिला अडाणी म्हणू नये. तिनं बघितलेलं खरं असू शकतं. तिला सांगायचं ते एवढंच, की ती लस आता नाही. आजची लस दंडात देतात, चार-पाच डोस असतात आणि तिच्यात मेंदूचा कण नसतो. कुत्रा चावल्यावर जुन्या भीतीपोटी ती टाळणं म्हणजे जीवाशी खेळ.

जगाच्या डोक्यात ‘लस म्हणजे जीबीएस’ हे समीकरण बसलं ते मात्र अमेरिकेतल्या 1976 च्या प्रकरणानं. न्यूजर्सीतल्या फोर्ट डिक्स लष्करी तळावर स्वाइन फ्लूनं एक सैनिक दगावला. 1918 च्या महासाथीची आठवण होऊन राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सगळ्या देशाला लस टोचण्याची घोषणा केली. 1 ऑक्टोबरला टोचणी सुरू झाली, सुमारे साडेचार कोटी लोकांनी लस घेतली. साथ आलीच नाही, जीबीएसचे रुग्ण मात्र दिसू लागले आणि 16 डिसेंबरला मोहीम थांबवली गेली. नंतरच्या हिशेबात असं दिसलं, की लस घेतलेल्या एक लाखामागे साधारण एक रुग्ण नेहमीपेक्षा जास्त होता. धोका छोटा, पण खरा. समोर साथ नसल्यामुळे तोही पत्करण्याजोगा राहिला नाही. त्याच एका लसीत असं का झालं, याचं पक्कं उत्तर अजून सापडलेलं नाही.

तेव्हापासून दरवर्षीच्या फ्लूच्या लशीवर या आजारासाठी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं जातं. दहा लाखांमागे एक-दोन रुग्ण जास्त, काही वर्षी तेवढेही नाहीत, असं ते प्रमाण निघतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या 2013 च्या अभ्यासानं दुसरी बाजूही मोजली. फ्लूच्या लशीनंतर दहा लाखांमागे सुमारे एक, तर फ्लू होऊन डॉक्टरकडे गेलेल्या दहा लाखांमागे सुमारे 17. ज्या आजारापासून लस वाचवते, तोच जीबीएसचं मोठं कारण ठरतो.

मोठं कारण म्हटलं तर जुलाबही. जीबीएसच्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना आधीच्या काही आठवड्यांत सर्दी-ताप किंवा जुलाब झालेले असतात. 1980 च्या दशकात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जंतूवर बोट ठेवलं गेलं. कच्चंपक्कं चिकन आणि दूषित पाणी हे त्याचे नेहमीचे रस्ते. याच्या कवचावरची साखरेची रचना आपल्या नसांवरच्या रचनेशी इतकी मिळतीजुळती असते, की जंतूला मारायला निघालेली प्रतिपिंडं नसांनाच भिडतात. पुण्यात 2025 मध्ये काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच जंतू आणि नोरोव्हायरस हा पोट बिघडवणारा विषाणू सापडला, आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. रुग्णसंख्या दोनशेच्या वर पोचली.

मग कोरोनाच्या लशीचं काय? इथंही खरं ते सांगायला हवं. 2021 मध्ये केरळातल्या एर्नाकुलम, कोट्टायम आणि कन्नूर जिल्ह्यांतून सात रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. कोविशिल्डचा पहिला डोस घेतल्यावर दोन आठवड्यांत त्यांना जीबीएस झाला होता, आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजू लुळ्या पडणं हे त्यांतलं ठळक लक्षण. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकानं अ‍ॅस्ट्राझेनेका आणि जॉन्सनच्या लशींच्या माहितीपत्रकात जीबीएसचा अतिशय दुर्मिळ दुष्परिणाम म्हणून समावेश केला. कोविशिल्ड म्हणजे अ‍ॅस्ट्राझेनेकाचीच लस. ब्रिटनमधल्या मोजणीत पहिल्या डोसानंतर दहा लाखांमागे सुमारे सहा रुग्ण जास्त आढळले. फायझरसारख्या, वेगळ्या तंत्रानं केलेल्या एमआरएनए लशींत तशी वाढ दिसली नाही. आपल्याकडे तेव्हा ‘लस पूर्ण सुरक्षित आहे’ एवढंच सांगितलं गेलं. दहा लाखांत सहा हे प्रमाण स्पष्ट सांगितलं असतं तर लोकांनी लस नाकारली नसती असं मला मनापासून वाटतं. लपवलं असं वाटलं, की माणूस पुढचं काहीच ऐकत नाही.

पण हा दुष्परिणाम यायचा तर लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत येतो. 2021 मध्ये घेतलेल्या डोसाचा 2025 च्या पुण्यातल्या रुग्णांशी मेळ बसत नाही. पोट बिघडून दहा-बारा दिवसांनी पाय गळाले, याचा मात्र चोख बसतो.

सीमाभागात या आजाराची आणखी एक बाजू आहे. पोलिओच्या देखरेखीसाठी पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की त्याची नोंद करून चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यावे लागतात. 13 जानेवारी 2011 नंतर देशात मूळ पोलिओचा रुग्ण नाही, त्यामुळे या नोंदींत जीबीएसचीच मुलं बरीच असतात. आता निपाणी किंवा चिकोडीकडचं मूल उपचाराला कोल्हापूर-मिरजेला जातं, खानापूरचं बेळगावात राहतं. गाव एका राज्यात, दवाखाना दुसऱ्या. अशा वेळी लशीची तारीख, आधीचा ताप, जुलाब ही माहिती दोन कार्यालयांच्या मधे अडकण्याची भीती असते.

खर्चाचंही तेच. जीबीएसवर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, शिरेतून देतात. त्याची मात्रा वजनावर ठरते, किलोमागे एकूण दोन ग्रॅम, बहुधा पाच दिवसांत विभागून. साठ किलोच्या माणसाला 120 ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या 24 बाटल्या. बिल लाखांत जातं. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलण्याचा उपचारही तितकाच गुणकारी आहे आणि बहुधा स्वस्त पडतो, पण त्याची सोय सगळीकडे नसते. महाराष्ट्रानं 2023 मध्ये 865 सीमावर्ती गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, कर्नाटकानं तिला हरकत घेतली. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या नातेवाइकांना त्या वादात पडायची ताकद नसते. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आपल्या पायांवर चालू लागतात, म्हणून हा प्रश्न पैशाअभावी अडणं सहन होत नाही.

राहिला प्रश्न आता लस घेणाऱ्यांचा. पूर्वी जीबीएस होऊन गेला असेल, विशेषतः एखाद्या लशीनंतरच्या सहा आठवड्यांत, तर पुढची लस घेण्याआधी डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावं. बाकीच्यांनी लस टाळण्याचं कारण नाही. लशीनंतर दोन्ही पाय जड पडू लागले, तर थेट मोठ्या दवाखान्यात जावं, आणि गावातल्या आशा ताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंना कळवावं. लसीकरणानंतरच्या त्रासाची नोंद करण्याचा फॉर्म त्यांच्याकडून वर जातो. उपचार कोल्हापुरात चालू असले तरी लस बेळगाव जिल्ह्यात घेतली असेल तर इथल्या केंद्राला सांगावं, आणि लशीचं कार्ड रुग्णाच्या फायलीत जपून ठेवावं.