एकाच शेडमध्ये कॉफी आणि चॉकलेट

नाशिकच्या आसपास कॉफी पिकत नाही आणि कोकोही नाही. महाराष्ट्रात कॉफीचे मळे म्हणून दाखवावी अशी जागा मेळघाटात, चिखलदऱ्याला. बाकी माल दक्षिणेतून ट्रकने वर येतो. तरी आज गंगापूर रोडच्या बाजूला किंवा सातपूर-अंबडच्या एखाद्या गाळ्यात कॉफी भाजणारे आणि चॉकलेट बनवणारे हात एकच असू शकतात. दोन्हीकडे बी भाजतात म्हणून ही कामं शेजारी आली असावीत, असं सहज वाटतं. पण भाजणीतच ती एकमेकांपासून सर्वांत लांब आहेत. त्यांना एकत्र आणलं ते बाजाराच्या बदललेल्या नियमांनी आणि इडलीचं पीठ वाटणाऱ्या यंत्रानं.

बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात येमेनमधल्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. आजच्या कॉफी भाजणाऱ्याच्या दृष्टीनं तिच्याहून महत्त्वाचं साल १९४२. दुसऱ्या महायुद्धात निर्यात ठप्प झाली, मळेवाले अडचणीत आले आणि सगळं पीक एका जागी जमा करायची पद्धत सुरू झाली. १९४२च्या कॉफी कायद्यानं ती पक्की केली. मळेवाल्यानं माल सरकारी कॉफी बोर्डाकडे द्यायचा, बोर्ड तो प्रतवारीनं एकत्र करून लिलावात काढणार, पैसे हप्त्यानं मिळणार. यात दाण्याच्या आकाराची नोंद राहिली, मळ्याचं नाव मात्र पुसलं गेलं. पोत्यावर आजही दिसणारी प्रतवारीची नावं त्या काळच्या व्यवहाराची आहेत. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती: धुऊन सोललेली अरेबिका म्हणजे प्लँटेशन, फळासकट वाळवलेली म्हणजे चेरी, धुतलेली रोबस्टा म्हणजे पार्चमेंट. १९९०च्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्यानं सैल झाली आणि १९९६पर्यंत मळेवाल्याला आपला माल हवा त्याला विकता येऊ लागला. त्याच वर्षी बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान उघडलं. एकाच मळ्याची चार पोती नावानिशी नाशिकला मागवता येणं ही सोय त्यानंतरची.

तोवर इथल्या घरांत कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वरून किसलेलं जायफळ. उडुपी हॉटेलात चिकरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) घातलेली फिल्टर. अशा मिश्रणात निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान ५१ टक्के, कॉफी असावी असा नियम आहे. चिकरीला नाक मुरडायचं कारण नाही. पण तिची कडवट-गोड चव इतकी पुढे येते की खालचा दाणा कुठला, हे कळत नाही. मळा ओळखून प्यायची सवय लागायला ती बाजूला ठेवावी लागली. नाशिकमध्ये त्या सवयीला वाइननं थोडा हात दिला, असं आम्हाला वाटतं. सुला या इथल्या वाइनरीनं २००५मध्ये टेस्टिंग रूम उघडली, तेव्हापासून पैसे मोजून कारखाना बघायला जाणं आणि घोट घेऊन चवीबद्दल बोलणं इथल्या लोकांना नवं राहिलेलं नाही.

कोकोचा प्रवास वेगळा. कॅडबरीनं १९६५च्या सुमारास केरळात लागवडीला चालना दिली आणि हे झाड नारळ-सुपारीच्या सावलीत आंतरपीक म्हणून पसरलं. १९८०च्या आसपास भाव कोसळले. तेव्हा सुपारीवाल्यांची मंगळूरची सहकारी संस्था, कॅम्पको, कोको खरेदीत उतरली आणि १९८६मध्ये तिनं पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. शेतकऱ्याला यामुळे हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. मात्र हे मोठे खरेदीदार ओल्या बिया घेत आणि आंबवण-सुकवण स्वतःच्या केंद्रावर करत. शेतकरी फळ फोडून गर विकायला शिकला, आंबवायला नाही. आणि चॉकलेटची निम्मी चव आंबवण्यात असते.

ओल्या बिया लाकडी खोक्यात पाच ते सात दिवस ठेवतात. आतलं तापमान ४५ ते ५० अंशांपर्यंत चढतं, अधूनमधून पालटाव्या लागतात. लवकर काढल्या तर बी कापल्यावर आतून पाटीसारखी करडी दिसते आणि चॉकलेट तुरट होतं. उशीर झाला तर वास बिघडतो. मग ओल सात टक्क्यांवर आणायची. काढणीचा मोठा भाग पावसाळ्याच्या तोंडावर येतो. तेव्हा ऊन नसतं, शेगडीवर वाळवतात आणि धूर बियांत शिरतो. हा दोष पुढे कशानंच जात नाही. म्हणूनच केवळ चांगलं भाजून चांगलं चॉकलेट करू म्हणणारे पहिल्या पोत्यालाच अडतात. २०१०नंतर मैसूर, ऑरोविल, मुंबई इथं बियांपासून चॉकलेट करणारे छोटे उद्योग उभे राहिले. त्यांनी बागायतदारांसोबत बसून आंबवणीची खोकी बसवली, त्यामुळे दर्जेदार सुकी बी कमी प्रमाणातही मिळू लागली.

राहिला बिया बारीक वाटण्याचा प्रश्न. स्विस चॉकलेटवाल्या लिंटनं १८७९मध्ये चॉकलेट तासन् तास घोटायची पद्धत काढली, पण ती यंत्रं कारखान्याच्या मापाची. छोट्यांसाठी उत्तर निघालं कोइंबतूरमधून. तिथला ग्रॅनाइटचा वेट ग्राइंडर १९५०च्या दशकापासून दक्षिणेच्या स्वयंपाकघरांत आहे. २०००नंतर अमेरिकेतल्या हौशी चॉकलेटवाल्यांनी तो मागवून त्यात कोको घातला. इडलीचं पीठ अर्ध्या तासात होतं. चॉकलेटला सलग ४८ तास लागतात. तेव्हा मोटर तापून बंद पडू लागली. मग पंखा, दणकट पट्टा आणि दगडांवरचा दाब कमी-जास्त करणारा स्क्रू बसला, आणि तेच यंत्र मेलेंजर या नावानं जगभर विकलं जाऊ लागलं. कॉफीवाल्याला चॉकलेट परवडू लागलं ते इथून.

आता प्रत्यक्ष कामाकडे. हिरव्या कॉफीत दहा ते बारा टक्के ओल असते. साधारण २०० अंशांपर्यंत तापलेल्या ड्रममध्ये दाणे पडतात, आठ-नऊ मिनिटांनी पहिला तडतडाट होतो, त्यानंतर दीड-दोन मिनिटांत बाहेर. वजन १४ ते १८ टक्के घटतं. आच कमी ठेवून वेळ लांबवला तर कॉफी भाजलेली दिसते पण पिठाळ लागते. सुरुवातीला आच जास्त झाली तर दाण्यावर काळे डाग पडतात. नाशिकचा उन्हाळा इतका कोरडा की उघडं पोतं महिन्याभरात ओल गमावतं, आणि तीच भाजणी मग पुढे पळते. पावसात उलट. म्हणून जाणकार हवाबंद पिशवीत माल ठेवतात आणि प्रत्येक घाण्याआधी ओल मोजतात.

कोकोला एवढी आच चालत नाही. १२० ते १४० अंश, वीस-तीस मिनिटं, आणि तडतडाटाची वाट बघायची नाही. पुढे टरफल हवेच्या झोतानं उडवायचं. टरफल आणि घट मिळून वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा जातो. टरफल राहिलं तर दगड झिजतात आणि चॉकलेट कचकच लागतं. काही जण दोन्हींसाठी एकच ड्रम वापरतात. ते टाळावं. ड्रमच्या भिंतीला कॉफीचं तेल आणि जळकी भुसी चिकटलेली असते आणि कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, भोवतालचा वास ओढून घेतं. शेडमध्ये मेलेंजर उघडा आणि शेजारी कॉफी थंड होत असेल, तर तिथलं साधं डार्क चॉकलेटही कॉफीचंच लागणार. भेटीला गेलात तर आधी हे बघा: दोन खोल्या वेगळ्या आहेत का, आणि चॉकलेटच्या खोलीचं दार बंद असतं का.

कॉफी चॉकलेट करायचं तर भाजलेले दाणे थेट मेलेंजरमध्ये जातात, एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के. तयार कॉफी ओतली की खेळ संपला: चमचाभर पाण्यानंही चॉकलेट घट्ट होऊन गोळा होतं. निफाड-पिंपळगावचा बेदाणाही याच कारणानं मेलेंजरमध्ये घालत नाहीत, त्यातली ओल पुरेशी असते. तो साच्यात वरून पेरायचा किंवा त्याला लेप द्यायचा.

शेवटचं काम टेम्परिंग. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांवर पूर्ण वितळवायचं, २७-२८पर्यंत उतरवायचं, पुन्हा ३१-३२वर आणून साच्यात ओतायचं. जमलं तर वडी कट्‌कन तुटते आणि चकाकते. खोलीत २० अंशांच्या आसपास थंडावा आणि कोरडी हवा लागते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला भिडतो तेव्हा बराच खर्च एसीवर जातो. गाडीत विसरलेल्या वडीवर नंतर पांढरट थर येतो. ते वितळून पुन्हा गोठलेलं कोको बटर असतं, बुरशी नव्हे. खायला हरकत नाही. फ्रिजमधून काढून लगेच उघडलेल्या वडीवर दव धरतं, साखर विरघळून वर येते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

होममेड म्हणून विकलं जाणारं पुष्कळसं चॉकलेट कंपाउंडचं असतं. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेलं, म्हणून ते टेम्परिंगशिवाय गोठतं आणि उन्हातही तग धरतं. स्वस्त आहे, वाढदिवसाला चालतं, पण बियांपासून केलेल्या वडीशी त्याची तुलना करू नये. वेष्टनावरची घटकांची यादी वाचा: कोको, साखर, कोको बटर एवढंच असेल तर ठीक, एडिबल व्हेजिटेबल फॅट वरच्या क्रमांकावर दिसलं तर कंपाउंड समजा.

अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारीत होते, सुकवण-सोलणी-प्रतवारी करून नवा माल इथं उन्हाळ्यात पोचतो. नवी कॉफी आणि टिकणारी वडी या दोन्हींची वेळ त्यामुळे जुळत नाही. उन्हाळ्यात गेलात तर कॉफी घ्या, भाजल्याची तारीख बघून आणि आठवडाभर थांबून उघडा. चॉकलेटची मोठी खरेदी दिवाळीनंतर करा. त्याआधी न्यायचंच असेल तर थर्मोकोलची पेटी सोबत ठेवा.