चांद्रगाडी: बॅटरीपेक्षा पायांचा हिशेब

फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ चे ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल अवजारांची हातगाडी ओढत चंद्रावरच्या ‘कोन’ नावाच्या विवराचा चढ चढू लागले. धाप लागली, नेमकी जागा उमगेना, आणि विवराचा काठ न दिसताच ते परतले. यावरचा उपाय तेव्हा जवळपास तयार होता: अपोलो १५ ची चांद्रगाडी मार्चमध्ये नासाच्या हाती आली.

मूळ विचार मात्र बंदिस्त केबिनच्या मोठ्या गाडीचा होता. त्यात दोघांनी दोन आठवडे राहायचं. पण ती पोहोचवायला आणखी एक सॅटर्न ५ रॉकेट लागलं असतं. पैसा आटला आणि यानाच्या कुशीत घडी करून मावेल एवढीच उघडी गाडी उरली. ऑक्टोबर १९६९ मध्ये बोइंगला कंत्राट मिळालं; चाकं आणि मोटारी जनरल मोटर्सकडे. सतरा महिन्यांत गाडी तयार झाली. वजन २१० किलो, चंद्राच्या कमी गुरुत्वात वाहायची ४९० किलो. पृथ्वीवर तिच्यात माणूस बसला असता तर सांगाडा मोडला असता, म्हणून सरावाची गाडी वेगळी होती. चाकं रबराची नव्हेत, जस्त चढवलेल्या पोलादी तारांच्या जाळीची, वर टायटॅनियमच्या पट्ट्या. दर चाकाला पाव अश्वशक्तीची मोटार. ३६ व्होल्टच्या दोन सिल्व्हर-झिंक बॅटऱ्या, पुन्हा चार्ज न होणाऱ्या.

कागदावर पल्ला ९२ किलोमीटर. प्रत्यक्षात अंतर ठरवायचा पाठीवरचा ऑक्सिजन. गाडी बंद पडली तर चालत यानापर्यंत पोहोचता आलं पाहिजे. म्हणून आधी सगळ्यात लांबचं ठिकाण गाठायचं आणि काम करत करत मागे यायचं. अपोलो १७ सुद्धा यानापासून ७.६ किलोमीटरपलीकडे गेलं नाही.

अपोलो १५ ला पहिल्या दिवशी पुढचं स्टिअरिंग चाललंच नाही. मागची चाकंही वळत असल्याने निभावलं. दुसऱ्या दिवशी ते आपोआप सुरू झालं! सीटबेल्टही आखूड पडले, कारण कमी गुरुत्वात फुगलेला सूट सीटवर दबत नव्हता.

खरा छळ धुळीचा. अपोलो १७ मध्ये अंतराळवीर सर्ननच्या हातोडीने गाडीचा मागचा मडगार्ड तुटला. तो चिकटवून पाहिला, पण धुळकट पृष्ठभागावर चिकटपट्टी टिकेना. हवा नसल्याने चाकाने उडवलेली धूळ तरंगत नाही, सरळ कमान करून अंगावर पडते. काळी धूळ ऊन शोषते, बॅटरीचे उष्णता टाकणारे आरसे झाकते, सांध्यांत शिरते. शेवटी चार नकाशे जोडून, यानातल्या दिव्याचे चिमटे लावून नवा मडगार्ड केला. तो आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

बंदिस्त गाडीचा जुना बेत आता परतला आहे. एप्रिल २०२४ च्या करारानुसार ती जपान नासाला देणार आहे.