खुब्झ, लेबनॉनमधील

खुब्झ : लेबनॉनच्या रोजच्या जेवणातली गव्हाची चपटी रोटी. शब्द अरबी असून ‘ख-ब-झ’ (रोटी भाजणे) या धातूपासून आला आहे. तो जुना आहे. कुराणातील यूसुफच्या कथेत एक बंदिवान स्वप्नात डोक्यावर खुब्झ घेऊन जातो आणि पक्षी ती टोचून खातात. इजिप्तमध्ये याच वस्तूला ‘ऐश’, म्हणजे ‘जगणे’, म्हणतात.

भारतीय उपाहारगृहांमुळे आपल्याकडे ‘लेबनीज रोटी’ म्हणजे पोटात पोकळ असलेला ‘पिटा’ अशी समजूत रुजली आहे. लेबनॉनमध्ये त्या दुपदरी रोटीला ‘खुब्झ अरबी’ किंवा नुसते ‘खुब्झ’ म्हणतात. ती मुख्यतः भट्टीतली, शहरी रोटी. डोंगराळ गावांतल्या घरची रोटी म्हणजे घुमटाकार पत्र्यावर भाजलेली, कागदासारखी पातळ ‘मरकूक’ आणि मातीच्या तन्नूरच्या (तंदूरसारख्या भट्टीच्या) भिंतीला चिकटवून भाजलेली ‘खुब्झ तन्नूर’. पीठ एकच, पण रोटीची जात ठरते ती ज्यावर किंवा ज्यात भाजली त्या साधनावरून. म्हणून या नोंदीत साधनांना अधिक जागा दिली आहे.

प्राचीनत्व : या भूभागात रोटी शेतीहूनही जुनी असावी. ईशान्य जॉर्डनमधील शुबैका-१ या नातुफी (शेतीपूर्व शिकारी-संग्राहक संस्कृतीच्या) स्थळाच्या चुलीत रोटीसदृश पदार्थाचे जळके तुकडे सापडले. अमाया अरांझ-ओताएगी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ते सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे असल्याचे प्रसिद्ध केले. त्यांत रानटी एकदाणी गहू आणि लव्हाळ्याच्या जातीच्या एका पाणवनस्पतीचे कंद असल्याचे दिसते. ही रोटी आंबवलेली नसावी. तिच्यापासून आजच्या खुब्झपर्यंत सरळ रेष ओढणे मात्र धाडसाचे ठरेल. रानटी द्विदाणी गहू (एमर) आरोन आरोनसोन या वनस्पतिशास्त्रज्ञाला १९०६ मध्ये गॅलिलीतील रोश पिन्ना येथे आढळला. लेबनॉनची बेका खोरी तिथून दूर नाही. धान्य इथलेच, एवढे खात्रीने म्हणता येते.

तन्नूर : या शब्दाचे मूळ वादग्रस्त आहे. प्राचीन मेसोपोटेमियाच्या अक्कडी भाषेत ‘तिनूरू’, अ‍ॅरेमाइकमध्ये ‘तन्नूरा’, हिब्रू व अरबीत ‘तन्नूर’, फारसीत ‘तनूर’ आणि अवेस्तातही ‘तनूर’ अशी रूपे मिळतात. आपला ‘तंदूर’ फारसीमार्गे आला, याविषयी फारसा मतभेद नाही. खरा प्रश्न त्याआधीचा आहे. अल-जवालीकी, अस-सआलिबी आदी मध्ययुगीन अरबी पंडितांनी हा शब्द अरबीत आलेला फारसी शब्द मानला. दुसऱ्या बाजूला ‘नूर’ (प्रकाश) किंवा ‘नार’ (अग्नी) यांच्याशी तो जोडणारी व्युत्पत्ती आहे. ऐकायला ती गोड वाटते, पण अक्कडी रूपाचा विचार करता ती लोकव्युत्पत्तीच असावी. अक्कडी नोंदी फारसीहून पुष्कळ जुन्या असल्याने ‘मूळ फारसी’ हे मतही टिकणे कठीण आहे.

आर्थर जेफ्री यांनी कुराणातील परकीय शब्दांवरील आपल्या ग्रंथात तिसरी शक्यता मांडली. सेमिटिक व इराणी लोक पश्चिम आशियात येण्यापूर्वी तिथे राहणाऱ्या समाजांचा हा शब्द असावा आणि पुढे आलेल्या सर्वांनी वस्तूबरोबर तो उचलला असावा, असे ते मत आहे. हा ग्रंथ १९३८ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला. सयाजीराव महाराजांनी पोसलेल्या ग्रंथमालेत तन्नूरचा उलगडा यावा, ही गोष्ट मराठी वाचकाला सुखावणारी आहे. प्रस्तुत नोंदीचा कलही जेफ्री यांच्या मताकडे आहे. कालीबंगा येथील सिंधुकालीन घरांत तंदूरसदृश मातीच्या भट्ट्या मिळाल्या आहेत. त्यांवरून वस्तू शब्दाच्या आधी फिरली असावी असे वाटते, मात्र त्या भट्ट्यांत रोटीच भाजत होते असे ठामपणे म्हणता येत नाही.

‘फुर्न’ (गावची किंवा गल्लीतली भट्टी) या शब्दाबाबत असा वाद नाही. तो लॅटिन ‘फुर्नुस’शी जोडलेला आहे. पोर्तुगीज ‘फोर्नु’ त्याच कुळातला. गोव्याचा पोदेर पहाटे जी भट्टी पेटवतो तिचे पोर्तुगीज नाव आणि बैरूतच्या गल्लीतले फुर्न हे असे नात्यातले शब्द आहेत. त्या भट्टीत निघणारी कोंड्याची पोई पोटात पोकळ असते, हे साम्यही लक्षात घेण्यासारखे आहे. ‘खमीर’ तर आपण अरबीतूनच घेतले.

‘पिटा’ हा शब्द ग्रीकमधून पसरला असे एक मत आहे. तालमुद या ज्यू धर्मग्रंथाच्या अ‍ॅरेमाइकमधील ‘पित्ता’ आणि हिब्रू ‘पत’ (तुकडा, घास) यांकडे बोट दाखवणारे दुसरे. दुसरे अधिक संभाव्य वाटते.

साज आणि मरकूक : साज म्हणजे पालथ्या कढईसारखा लोखंडी पत्रा, खाली जाळ. नाव बहुधा तुर्की ‘साच’वरून आले. अरबीत ‘साज’ म्हणजे सागवानही, पण तो शब्द वेगळा असून आपल्या ‘साग’शीच त्याचे नाते सांगतात. ‘मरकूक’ हे नाव ‘र-क-क’ (पातळ होणे) या धातूवरून पडले. दहाव्या शतकातील इब्न सय्यार अल-वर्राक याच्या बगदादी पाकग्रंथात ‘रुकाक’ नावाच्या पातळ रोट्या येतात. नाव त्याच धातूचे आहे, कृती मात्र तीच असेल असे नाही.

मराठी वाचकाला मरकूक समजायला खानदेशी मांडा आठवणे पुरे. पालथे खापर, खाली जाळ, आणि दोन्ही हातांवर झुलवत मोठी केलेली पोळी. फरक इतकाच की मांड्यात पुरण असते आणि मरकूक कोरी. मरकूक करणारी बाई जाजमावर बसते आणि गोळा थापून एका हातावरून दुसऱ्यावर टाकत जाते. पोळी कोपरापर्यंत लोंबू लागली की ती ‘कारा’ नावाच्या गोल गादीवर पसरून कडा ताणते आणि गादी साजवर पालथी घालते. गादी उचलली की पोळी पत्र्यावर राहते. मिनिटभरात फोड येतात, कडा सुटतात आणि रोटी उतरते. ती अर्ध्या मीटरहून रुंद भरते. रचून ठेवलेली मरकूक वाळते आणि कित्येक दिवस टिकते. खायच्या वेळी पाण्याचा हबका मारून फडक्यात गुंडाळली की पुन्हा मऊ होते. लाकूडफाटा वाचवून आठवड्याची रोटी एकदाच भाजण्याची रीत या टिकाऊपणावर उभी होती.

खुब्झ अरबी, पोकळी व घरगुती कृती : रोटीला पदर सुटण्याचे श्रेय पाककृतींत बहुधा यीस्टला दिले जाते. ते अपुरे आहे. फुलक्यात यीस्ट नसते, ज्वारीच्या भाकरीत तर ग्लुटेनही नसते, तरी दोन्हींना पापुद्रा सुटतो. काम वाफेचे आहे. लाटलेली चकती कडक तापलेल्या पृष्ठावर पडताच खालचा व वरचा थर आधी आवळतो, मधला भाग अजून ओला असतो. त्यातले पाणी १००° से.ला वाफ होते आणि सुमारे १,७०० पट जागा मागते. बाहेर पडायला वाट नसल्याने ती मधला मऊ भाग फाडून दोन पदर अलग करते. यीस्ट चव आणि मऊपणा देते, शिवाय वाफेला शिरायला बारीक बुडबुडे तयार ठेवते.

चार-पाच माणसांच्या घरासाठी ३५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम कणीक, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १० ग्रॅम मीठ, चमचाभर साखर, दोन चमचे ऑलिव्ह तेल आणि सुमारे ३२० मिलि. कोमट पाणी हे प्रमाण चांगले जमते. आपल्याकडची चक्कीची कणीक पाणी जास्त पिते, तेव्हा थोडे पाणी हाताशी ठेवावे. दहा मिनिटे मळून पीठ ओल्या फडक्याखाली दुप्पट होईपर्यंत ठेवावे. एरवी याला तास-दीड तास लागतो, पण पुण्या-नागपुरात मे महिन्यात पाऊण तासही पुरतो. आठ गोळे करून पंधरा मिनिटे थांबावे, मग ४ ते ५ मिमी. जाडीच्या, १८ सेंमी.च्या आसपासच्या चकत्या लाटून त्यांना झाकून आणखी वीस मिनिटे विसावा द्यावा. हा दुसरा विसावा घाईत गाळला जातो आणि मग रोटी अर्धीच फुगते. ओव्हन २५०° से.वर, आतली जड लोखंडी ताटली वा दगड निदान अर्धा तास तापलेला असावा. तीन-चार मिनिटांत रोटी टम्म फुगते. ओव्हन नसेल तर तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून फुलक्याप्रमाणे सरळ आचेवर धरता येते.

फुगली नाही तर दोष बहुधा लाटण्यात असतो. कुठे घडी राहिलेली असते, एक कड पातळ झालेली असते, किंवा विसाव्यात वारा लागून साल सुकलेली असते. अशा जागी चीर पडते आणि वाफ निसटते. लाटताना उंडा उलटसुलट न करता फिरवत राहणे हा सोपा उपाय आहे. भाजलेल्या रोट्या लगेच एकावर एक रचून जाड फडक्यात गुंडाळाव्यात. फडके उघडल्यावर येणारा तो ओलसर, किंचित आंबूस वास दुकानातल्या पिशवीत कधी मिळत नाही. घरी भाजण्याचा खटाटोप त्यासाठीच करावा.

मनूशे : त्याच पिठाची, बोटांच्या टोकांनी खळगे पाडून वर झातर पसरलेली रोटी, अनेकवचन ‘मनाकीश’. नाव ‘न-क-श’ (कोरणे) या धातूवरून आले. आपला ‘नक्षी’ हा शब्दही त्याच धातूचा. झातर म्हणजे मूळची ओव्याच्या वासाच्या जवळ जाणारी एक रानवनस्पती (ओरिगॅनम सिरियाकम). तिचा पाला, सुमाक (एका झुडपाच्या आंबट फळांची पूड), तीळ व मीठ यांच्या मिश्रणालाही तेच नाव आहे, आणि ते ऑलिव्ह तेलात कालवून लावतात. घरी कालवलेले झातर वाटीत देऊन मुलांना सकाळी फुर्नावर पाठवायची रीत असे. २०२३ मध्ये युनेस्कोने मनूशेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

रोटीचा मान : जमिनीवर पडलेला तुकडा उचलून, ओठांना लावून, उंच जागी ठेवतात. ‘आपल्यात रोटी आणि मीठ आहे’ असे म्हणणे म्हणजे नाते पक्के झाले. आपल्या मीठभाकरीचे हे सख्खे भावंड. या आदरामागे उपासमारीची आठवणही असावी. पहिल्या महायुद्धात १९१५ ची टोळधाड, दोस्त राष्ट्रांची सागरी नाकेबंदी आणि धान्यावरची ऑटोमन बंधने एकत्र आली आणि माउंट लेबनॉनमध्ये भीषण दुष्काळ पडला. मृतांचा आकडा साधारणपणे दोन लाखांच्या आसपास धरतात. काही अंदाज कमी, काही अधिक आहेत.

आता शहरांत रोटी ‘रब्ता’ (बांधलेली चळत) या पिशवीने विकली जाते आणि तिचा भाव सरकार ठरवते. गहू मुख्यतः परदेशातून येतो. ४ ऑगस्ट २०२० च्या बैरूत बंदरातील स्फोटात सुमारे १,२०,००० टन क्षमतेची धान्यकोठारे उद्ध्वस्त झाली. युक्रेन हा मोठा पुरवठादार असल्याने २०२२ च्या युद्धानंतर बेकऱ्यांपुढे रांगा लागल्या, आणि त्याच वर्षी गव्हाच्या आयातीसाठी जागतिक बँकेने १५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले.

शिळी रोटी फेकत नाहीत. तिचे तुकडे तळून वा भाजून सुमाक घातलेल्या कोशिंबिरीत टाकले की ‘फत्तूश’ होते, चणे व दह्याखाली पसरले की ‘फत्ते’. दोन्ही नावे ‘फ-त-त’ (कुस्करणे) या धातूची आहेत.