मेंढीच्या रक्तपेशींपासून अँटी-सीसीपीपर्यंत: आमवाताच्या रक्ततपासणीची पार्श्वभूमी

सकाळी उठल्यावर तासभर बोटे वळत नाहीत, दोन्ही मनगटे सुजली आहेत, अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टर 'आरए फॅक्टर' करायला सांगतात आणि रिपोर्ट हाती पडताच घरात त्या एका आकड्याभोवती चर्चा सुरू होते. पॉझिटिव्ह म्हणजे आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस), निगेटिव्ह म्हणजे सुटका, असा हिशेब मांडला जातो. तो का चुकतो, हे या तपासणीच्या इतिहासातच दडलेले आहे.

नॉर्वेचे एरिक वालर यांनी 1940 मध्ये एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. मेंढीच्या तांबड्या पेशींना सशाच्या प्रतिपिंडांचा (अँटिबॉडीज), पेशी स्वतःहून एकवटणार नाहीत इतकाच अल्प, लेप दिलेला होता. त्यात आमवाताच्या रुग्णाचे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) मिसळताच पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले. महायुद्धाच्या धामधुमीत याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. 1948 मध्ये न्यूयॉर्कमध्ये हॅरी रोझ, चार्ल्स रेगन आणि सहकाऱ्यांना स्वतंत्रपणे हेच आढळले, आणि ही तपासणी वालर-रोझ या जोडनावाने रूढ झाली. पुढे 1956 मध्ये सिंगर व प्लॉट्झ यांनी मेंढीच्या पेशींऐवजी मानवी गॅमा ग्लोब्युलिनचा (रक्तातील प्रतिपिंडयुक्त प्रथिनांचा) लेप दिलेले लॅटेक्सचे सूक्ष्म कण वापरले. काळ्या स्लाइडवर सीरमचा थेंब आणि लॅटेक्सचा थेंब एकत्र करून दोनेक मिनिटे हलवायचे आणि दुधाळ द्रवात पांढरी कणी धरते का ते पाहायचे, ही पद्धत इतकी सोपी होती की ती लहान गावातल्या लॅबपर्यंतही पोहोचली.

सीरममधला, पुंजके घडवणारा हा 'आरए फॅक्टर' म्हणजे प्रतिपिंडाविरुद्धचे प्रतिपिंड, बहुधा आयजीएम वर्गातले आणि आयजीजी या दुसऱ्या वर्गातील प्रतिपिंडांच्या शेपटाकडच्या भागाला चिकटणारे. दीर्घकाळ संसर्गाशी झुंजणारे शरीरही ते तयार करते. त्यामुळे क्षय, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी किंवा हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग यांतही, आणि काही निरोगी वृद्धांतही, तो सापडतो. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात ही बाब विसरून चालणार नाही.

दुसरा धागा गालाच्या आतल्या कातडीतून निघाला. नेदरलँड्समध्ये नीनहाउस आणि मांडेमा यांनी 1964 मध्ये दाखवले की, आमवाताच्या रुग्णांतील प्रतिपिंडे तोंडातील पेशींच्या केंद्रकाभोवतालच्या कणांना चिकटतात. आमवातासाठी ही खूण आरए फॅक्टरपेक्षा अधिक नेमकी होती, पण मोजक्याच दात्यांच्या पेशी या कामी येत, म्हणून ती प्रयोगशाळेबाहेर फारशी पडली नाही. 1979 मध्ये उंदराच्या अन्ननलिकेच्या पातळ कापांवर अशीच प्रतिपिंडे दिसली. दोन्हींचे लक्ष्य त्वचेतील फिलॅग्रिन हे प्रथिन असल्याचे 1990 च्या दशकात उलगडले. पण फिलॅग्रिन सांध्यात नसतेच! मग सांधे का सुजावेत?

उत्तर 1998 मध्ये नेदरलँड्समधील नायमेखन शहराच्या शेलेकेन्स व फान फेनरॉय यांच्या गटाने दिले. प्रतिपिंडे विशिष्ट प्रथिनाला नव्हे, तर प्रथिनातील आर्जिनिन या अमिनो आम्लाचे सिट्रुलिन झालेल्या जागेला ओळखतात. (सिट्रुलिन प्रथम कलिंगडातून वेगळे केले गेले आणि कलिंगडाच्या लॅटिन नावावरूनच त्याचे नाव पडले.) हा बदल पॅड नावाचे विकर (एन्झाइम) घडवते आणि दाहग्रस्त सांध्यातील फायब्रिन या प्रथिनामध्येही तो आढळतो. सिट्रुलिनयुक्त पेप्टाइड कड्यासारखे वळवून बनवलेली चाचणी 2000 मध्ये आली, तीच अँटी-सीसीपी. रुग्ण पकडण्यात ती आरए फॅक्टरच्या बरोबरीची, पण दुसऱ्याच आजाराला आमवात ठरवण्याची चूक ती पुष्कळच कमी करते. या प्रगतीचे खरे मोल मला तिथेच दिसते. 2003 मध्ये उत्तर स्वीडनच्या रक्तपेढीत साठवलेल्या नमुन्यांतून दिसले की, ही प्रतिपिंडे सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून रक्तात असू शकतात.

आमवात ठरवण्याच्या 1987 च्या अमेरिकी निकषांतील रक्ततपासण्यांत फक्त आरए फॅक्टरला स्थान होते. अमेरिका व युरोपच्या संयुक्त 2010 च्या निकषांत दोन्ही तपासण्या आल्या, मात्र त्यांना मिळून 10 पैकी जास्तीत जास्त 3 गुण. आमवात ठरायला हवेत 6, आणि तेही किमान एका सांध्याला प्रत्यक्ष सूज असेल तरच. उलट, दोन्ही तपासण्या निगेटिव्ह असल्या तरी दहाहून अधिक सांध्यांचे 5 गुण आणि वाढलेल्या ईएसआर किंवा सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचा 1 गुण मिळून निदान होऊ शकते.